काही कमी न्हाई

पालम
१० मार्च

वैष्णवी,

फाडायचंच असलं तर वाचून फाड. फोन तू उचलत न्हाईस, अन् उचलला तरी तो तुझ्या नवऱ्याच्या हातात असतोय, म्हणून कागद. पोखर्णीला देवळासमोर कस्तुराबाईचं नारळाचं दुकान हाय ना, तिच्या पत्त्यावर पाठवायले. दर्शनाला गेलीस की घे. तिला अक्षर येत न्हाई. येत असतं तरी तिनं इकडचं तिकडं केलं नसतं, ती तुझ्यासारखी न्हाई.

बघ, बसल्या बसल्या भांडले. जाऊ दे.

सृष्टी कशी हाय? केस कोण विंचरतंय, तू का आत्याबाई? आपल्या सासूबाई लय ओढून बांधतेत, पोरीचं कपाळ दुखतंय. तू बांधत जा. आता सहावीला जाईल ती, मागच्या वर्षीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर आला असंल.

दिवाळीच्या बैठकीत मामंजी काय बोलले ते तू दाराआडून ऐकलंस, मला तुझ्या बांगड्या दिसत होत्या. "नोकरी पक्की असली, राहायला नीट खोली असली, तर शाळा उघडायच्या आधी पोरगी तिच्या आईकडं. मी स्वतः पालमला येऊन डोळ्यानं बघीन, मग सोडीन." चार माणसांदेखत बोललेत, फिरणार न्हाईत. सासऱ्याचं काही चुकलं असलं तरी बोलायला तो माणूस पक्का हाय. राम काय बोलला ते मी ऐकलंच न्हाई. हो, नवऱ्याचं नाव घेते मी आता.

खोली मी घेतली. एसटी स्टँडच्या मागं, वर पत्रे, पण न्हाणी वेगळी अन् दाराला आतून कडी. नोकरीचं मात्र जरा घोटाळ्यात हाय, म्हणून तुला लिहायले. दुसरं हाय कोण मला?

आमचा महाबाजार तू बघितला न्हाईस. सगळं गाव त्याला मॉलच म्हणतंय. काचेचं मोठं दार, आत थंडगार, ह्या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं माणूस बारकं दिसतंय. पहिल्या साली खेड्यावरच्या बाया चपला बाहेर काढून आत यायच्या. दारावरचा दत्ता म्हणायचा, "मावशी, देऊळ न्हाई हे, घाला चपला." तरी काढायच्या, अन् जाताना एकमेकींच्या घालून जायच्या, मग भांडणं. तुरीची डाळ घ्यायची तर पाकिटाला नखानं भोक पाडून एक दाणा चावून बघायच्या. लय हसायचो आमी. आता चपला कुणी काढत न्हाई, कारण कुणी येतच न्हाई.

संक्रांतीपासून मालाची गाडी आली न्हाई. कंपनी म्हणे बुडायली, सगळी दुकानं विकायला काढलीत. गावात ज्याच्या तोंडाला येईल ते बोलायलेत. कुणी म्हणतंय मॉलचं मंगल कार्यालय होणार, कुणी म्हणतंय सोयाबीनचं गोदाम. आमच्या तोंडावर बोलायलेत, लाज न्हाई.

मामंजीला ह्यातलं काही सांगू नको. सृष्टीला सांग, आईनं पंखा घेतलाय.

राजेश्री


पालम
२७ मार्च

वैषू,

कस्तुराबाईचा फोन आला. कागद घेतलास, पदरात घातलास अन् काही बोलली न्हाईस म्हणाली. फाडला न्हाईस, एवढं बास झालं.

इकडं चांगली खबर हाय. सगळी दुकानं घ्यायला एक नवा मालक तयार झालाय. पण सगळी घेणार न्हाई, त्याचा माणूस एकेक दुकान बघत येणार, त्याला जे पसंत पडंल तेच ठेवणार. आमच्याकडं पुढच्या महिन्यात येतोय. म्हणजे बघायचाच कार्यक्रम की गं! पोहे करायचे, मुलगी दाखवायची.

आमचा मॅनेजर सिद्धोधन. इथल्याच जवळच्या गावचा, बीकॉम झालेला, शांत पोरगा, मला ताई म्हणतोय. तो म्हणाला, "ताई, रॅक हायेत तसेच ठेवू. अर्धे रिकामे हायेत तर रिकामे दिसू द्या. साहेबाला कळू द्या की माल न्हाई म्हणून विक्री न्हाई."

मी म्हणलं, "येडा का खुळा तू? पाहुण्याला कुणी रिकामं घर दाखवतंय का?"

त्याला मग बापूची गोष्ट सांगितली. तुला आठवते ना? पोखर्णीचे पाहुणे आपल्या दोघींना बघायला आले तवा बापूनं भावकीतून ज्वारी आणून कणगी काठोकाठ भरली, अन् शेजारच्या दोन म्हशी आपल्या दाव्याला बांधल्या. मामंजी म्हशीच्या पाठीवर हात फिरवत विचारायलेत, "दूध किती देती?" अन् बापू म्हणतोय, "पुरतं घरापुरतं." आपण दोघी आत तोंडात पदर कोंबून बसलो होतो. पाहुणे गेले की म्हशी गेल्या, ज्वारी गेली, पण आपण दोघी एकाच मांडवात उजवल्या गेलो.

सगळा स्टाफ पोट धरून हसला. धम्मशीला, आमची बिलिंगवरची, तिचं मत माझ्याच बाजूला पडलं. दत्ताचं बी. सिद्धोधन एकटा पडला बिचारा.

मग लागलो कामाला. गोदामातले सगळे रिकामे खोके काढले. रॅकवर मागं खोके, पुढं मालाची एकच ओळ. बिस्किटं, साबण, तेलाच्या बाटल्या, सगळं काठाला ओढून तोंडं पुढं. समोरून बघशील तर वाटंल बोट घालायला जागा न्हाई. वरचे रॅक सिद्धोधननं लावले, माझा डावा हात खांद्याच्या वर अजून जात न्हाई. कामून ते तुला सांगायची गरज न्हाई. जिन्यावरून पडली, असं दवाखान्यात तूच सांगितलंस.

डॉक्टर मला विचारत होते अन् उत्तर तू देत होतीस. मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले.

जाऊ दे. दुकान असं सजलंय म्हणून सांगू.

राजेश्री


पालम
९ एप्रिल

वैषू,

झालं बाई! आले अन् बघून गेले.

मला वाटलं कुणी पोटसुटा म्हातारा येईल. तर पोरगंच होतं, पांढरे बूट, बोलायला लय गोड. सगळ्या ओळींतून फिरला. आमी मागं मागं, जीव मुठीत धरून. एका ठिकाणी त्यानं चहाच्या पुड्याकडं हात नेला, तर धम्मशीलानं मधेच सरबताचा ग्लास पुढं केला. "आधी हे घ्या साहेब, ऊन लय हाय." त्यानं ग्लास घेतला. मला तिचा मुका घ्यावा वाटला.

मग उभा राहून विचारतोय, "माल वेळेवर येतो ना? काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा."

सिद्धोधननं तोंड उघडलं होतं. मला भ्या वाटलं, हा आता रडगाणं लावतोय. त्याच्या आधी मीच बोलले, "काही कमी न्हाई साहेब. सगळं भरलेलं हाय."

त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. म्हणाला, "मग गिऱ्हाईक दिसत नाही ते?" मी म्हणलं, "उन्हाचं कोण बाहेर पडतंय साहेब? संध्याकाळी बघा." संध्याकाळपर्यंत तो थोडाच थांबणार होता!

जाताना म्हणाला, "इतकं नीटनेटकं दुकान मी कुठंच पाहिलं नाही." असंच म्हणाला, मनाचं सांगत न्हाई. गाडी वळली तसा दत्ता दारातच नाचला. राहिलेले पोहे आमी सगळ्यांनी काउंटरवर बसून खाल्ले. सिद्धोधन काही बोलला न्हाई, पण पोहे त्यानं बी खाल्ले.

नोकरी पक्की झाली समज. सृष्टीसाठी एक दप्तर घेतलंय, जांभळं, बारक्या फुलांचं. खोलीवर खिळ्याला अडकवलंय. आल्या आल्या नजरेत भरावं म्हणून दारासमोरच.

तू बी ये की एकदा. राग मी सोडला असं म्हणत न्हाई, पण ये.

राजेश्री


पालम
२ मे

वैष्णवी,

मॉल बंद.

जूनअखेरीला शटर ओढणार. मोठी यंत्रं, फ्रीज वगैरे ह्याच महिन्यात न्यायलेत. ठेवणार ते दुसऱ्या तालुक्यातलं एक दुकान. तिथं तर म्हणे रॅकवर धूळ, भिंतीला ओल, अन् मॅनेजर साहेबापुढं रडला, की महिन्यामहिन्यानं माल येत न्हाई, गिऱ्हाईक येऊन परत जातंय, काय विकू? त्याचं दुकान राहिलं.

सिद्धोधननं त्या साहेबाला फोन लावला, आमी सगळे भोवती उभे. साहेब म्हणले, "तुमची विक्री सगळ्यात कमी. मला वाटलं माल नसेल. येऊन पाहिलं तर दुकान भरलेलं. माल असून उठत नाही म्हणजे गावातच गिऱ्हाईक नाही. रिकाम्या दुकानाला माल देऊन बघता येतं, भरलेल्याला मी काय देऊ?"

सिद्धोधन म्हणाला, "साहेब, मागं नुसते खोके होते."

 मग साहेब म्हणले, "मग तर अजूनच अवघड आहे. तुमच्यावर विश्वास कसा ठेवणार?" अन् ठेवून दिला.

मला कुणी एक शब्द बोललं न्हाई वैषू. सिद्धोधननं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ताई, जेवून घ्या." धम्मशीला रडली, डोळे पुसले अन् डबा उघडला. तिच्या घरी कमावणारी ती एकटीच. दत्ता बाहेर जाऊन त्याच्या खुर्चीवर बसला, आता तिथं राखायचं काय होतं देव जाणे.

आग लागो माझ्या तोंडाला. "मोकळेपणानं सांगा," म्हणत होता गं तो. एवढं गोड बोलून विचारत होता. पण "न्हाई" म्हणायला आपली जीभच वळत न्हाई. घरात मीठ नसलं तरी माय दारात आलेल्याला म्हणायची, "बसा, जेवून जा." अन् त्या भरल्या कणगीचं पुढं काय झालं ते बी आठवलं मला. कणगी बघूनच मामंजींनी मोठं लग्न मागितलं, अन् बापूला न्हाई म्हणता आलं न्हाई. तेवढं मी सिद्धोधनला सांगितलंच नव्हतं. हसायचं तेवढं सांगितलं.

आता सृष्टीचं काय? सारखं तेच डोक्यात हाय. इथं दुसरं काम न्हाई असं न्हाई, कपड्याच्या दुकानात दिवाळीपुरतं बाया घेतेत, मोंढ्यात हंगामापुरतं धान्य निवडायला घेतेत. पण त्याला मामंजी पक्की नोकरी म्हणतील का?

त्यांच्या कानावर जाऊ देऊ नको. हात जोडते.

राजेश्री


पालम
१ जून

वैषू,

मामंजींचा फोन आला होता. परवा येतेत, सृष्टीला घेऊन. गंगाखेडला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचतील. म्हणले, "आधी तुझं दुकान बघीन, मग खोली. मनासारखं असलं तर पोरगी ठेवूनच जाईन, तिचे कपडे सोबत आणायलोय." म्हणजे कपडे तूच भरायली असशील. नरसिंह जयंतीच्या गर्दीतून आता कुठं मोकळी झालीस, त्यात हे काम.

 दुकानात आता हाय काय? माल जवळजवळ उचलला, एसी बंद, निम्मे दिवे बंद. दिवसातून एखादं माणूस येतंय, ते बी काही स्वस्तात मिळतंय का बघायला.

मी सिद्धोधनला सांगून टाकलं.  तो स्वतःच म्हणाला, "ताई, एक दिवस परत भरू."

मी म्हणलं, "अरे, त्यानंच तर घात झाला."

"तवा दुकानासाठी भरलं. आता पोरीसाठी भरू."

राहिलेला सगळा माल दाराजवळच्या रॅकवर लावायचा ठरलाय. मागं खोके, पुढं एक ओळ. सगळे युनिफॉर्म घालून येणार. धम्मशीला बिलिंगवर बसणार, तिच्या जावेला अन् शेजारणीला गिऱ्हाईक म्हणून ट्रॉली घेऊन फिरायला लावणार. दत्ता मामंजींना सलाम ठोकणार. कुणाला पगार मिळालेला न्हाई, तरी माझ्यासाठी येतेत. कोण लागते मी ह्यांची?

बरोबर न्हाई हे, कळतंय मला. पण एकदा पोरगी दारात आली की मग मी भांडी घासीन, मोंढ्यात जाईन, काही बी करीन. आधी ती येऊ दे.

तुला फक्त गप बसायचंय. ते तुला जमतंय.

राजेश्री


पालम
८ जून

वैषू,

मामंजींनी घरी काय सांगितलं मला माहीत न्हाई. सृष्टीनं काही सांगितलं नसंल. झालं ते मी लिहिते.

आली तवा मी दारातच होते. केवढी झाली गं! माझ्या खांद्याला लागायली. दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, म्हणजे आत्याबाईच. दत्तानं सलाम ठोकला तसं मामंजींनी टोपी नीट केली, खूश झाले. सिद्धोधननं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. "तुमच्या सुनबाईवर सगळं दुकान चाललंय," म्हणाला. मामंजी मान हलवत सगळीकडं बघायले. धम्मशीलाची जाऊ तेच साबण ट्रॉलीत टाकून तीनदा बिलिंगवर आली. मला हसू बी यायलं अन् रडू बी.

सृष्टी एकटीच रॅकच्या ओळीतून फिरायली होती. मी लांबून बघत होते. बिस्किटाच्या रॅकपाशी थांबली. एक पुडा काढला. मग आत हात घातला, कोपरापर्यंत. खोका हलला. तिनं तो जरा सरकवून आत बघितलं. शेजारचा पुडा काढला, तिथं बी बघितलं.

 आता ओरडंल, वाटलं, "आजोबा, मागं काहीच न्हाई."

ती ओरडली न्हाई वैषू. तिनं खोका होता तसा लावला. दोन्ही पुडे जागच्या जागी ठेवले, तोंडं पुढं केली, बोटानं ओळ सरळ केली. माझ्यापेक्षा नीट. मग माझ्याकडं बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं, अन् मामंजीपाशी जाऊन म्हणाली, "आजोबा, लय माल हाय इथं. काही कमी न्हाई."

हेच शब्द. तिला कुणी सांगितले होते?

मामंजी म्हणले, "बरं झालं. चल, आता तुझी खोली बघू." उठले बी. कपड्यांची पिशवी सिद्धोधनच्या हातात दिली. सगळं झालं होतं गं, पोरगी माझी झाली होती. मी गप बसले असते तर आज ती इथं माझ्याशेजारी झोपली असती.

मला तू दिसायली होतीस. दवाखान्यातली. असंच तोंड करून, असंच चटकन, "जिन्यावरून पडली." तुला बी तवा कुणी सांगितलं नव्हतं. तुझं तुलाच सुचलं. मला वाटलं, आज हिनं माझ्यासाठी रॅक झाकला. उद्या हिचा हात कुणी मोडला तर ही असंच डॉक्टरला सांगंल, अन् ओळ सरळ करून ठेवंल.

मी रॅकपाशी गेले अन् पुढची सगळी ओळ उजव्या हातानं खाली ओढली. पुडे फरशीवर पडले, मागचे खोके उघडे पडले. म्हणलं, "मामंजी, हे बघा. माल न्हाई. महिनाअखेरीला मॉल बंद होणार हाय. माझी नोकरी पक्की न्हाई. काम शोधायले, पण अजून मिळालं न्हाई."

 धम्मशीलानं तोंडावर हात ठेवला. मामंजी परत खुर्चीवर बसले. रागावले न्हाईत. म्हणले, "खरं बोललीस. पण असं असताना पोरगी कशी ठेवू? तूच सांग."  त्यांनी सिद्धोधनच्या हातातली पिशवी परत घेतली.

खोली बघितलीच न्हाई त्यांनी. स्टँडवर मी सोबत गेले. गंगाखेडची गाडी लागलेली होती. सृष्टी खिडकीत बसली अन् गाडी सुरू झाली तसं एकदम म्हणाली, "मी तर नीट सांगितलं होतं ना आई! तू कामून बोललीस?" डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता. मी खिडकीला धरून चार पावलं चालले, मग गाडी गेली.

दुकानात परत आले तर सिद्धोधन पुडे गोळा करत होता. म्हणाला, "बरं केलंत का वाईट केलंत, मला कळंना झालंय ताई." मला तरी कुठं कळायलंय?

ती तुला विचारील वैषू. माझ्याशी बोलणार न्हाई, तुलाच विचारील, आईनं असं कामून केलं म्हणून. तवा उगंच काहीबाही सांगू नको. तिला माझ्या हाताचं खरं काय ते सांग. कुणी मोडला, तू कुठं उभी होतीस, दवाखान्यात काय बोललीस, सगळं. तुझ्याकडून ऐकलं तर तिला पटंल. तुला जड जाईल, ठाऊक हाय मला. पण मी माझं केलं, आता एवढं तू कर.

मी मोंढ्यात जायले परवापासून. पुढच्या बैठकीत जे हाय ते हाय म्हणून सांगीन.

दप्तर खोलीवरच राहिलं होतं. कस्तुराबाईच्या दुकानावर पाठवलंय, शाळा उघडायच्या आत घेऊन ये. नवीन दप्तरात फुगवायला कागद कोंबलेले असतेत, ते मी सगळे काढून टाकलेत. चपटं दिसंल. तसंच दे तिला.

राजेश्री